हाताला हुन्नर, जिभेला स्पॅनिश

मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने 1928 मध्ये एक भित्तिचित्र रंगवले. मेजाभोवती कष्टकरी माणसे जमली आहेत आणि त्यांच्यात बसून एक जण भाकर मोडून देतो आहे. हा भाकर मोडणारा माणूस आपल्या वर्ध्याचा: डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वीणा गवाणकरांनी ‘एक होता कार्व्हर’नंतर ज्यांचे चरित्र लिहिले, ते हेच कृषिशास्त्रज्ञ.

परदेशी भाषा शिकून काय मिळते, या प्रश्नाचे वर्धा जिल्ह्यातले सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे खानखोजे. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण अमेरिकेत गेला, तिथे शेतीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला. पहिल्या महायुद्धात तो इराणमध्ये इंग्रजांशी लढला. पुढे बर्लिन, मॉस्को असे करत 1924 मध्ये मेक्सिकोत पोहोचला. मायदेशी परतायची सोय नव्हती. जवळ होते ते पिकांचे ज्ञान. चाळिशीच्या आसपास खानखोजेंनी स्पॅनिश आपलीशी केली आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्याच भाषेत शिकवू लागले. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. शिवाय गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. मक्याचे शास्त्र इंग्रजीतही होते, पण मेक्सिकोच्या शेताच्या बांधावर इंग्रजी कामाची नव्हती. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले, नागपुरात स्थायिक झाले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तिथेच वारले.

या आयुष्यातून निघणारा धडा सरळ आहे. नुसती भाषा फारसे पोट भरत नाही. हातात एखादा हुन्नर असेल, तर भाषा त्याला नवा मुलूख मिळवून देते.

हा मुलूख केवढा?

स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक जगात सुमारे 50 कोटी आहेत. 20 देशांची ती राजभाषा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक. मेक्सिकोपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत, मधला ब्राझील आणि काही छोटे देश वगळले, तर एकाच भाषेवर प्रवास होतो. खुद्द अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात जाणाऱ्या आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्मात्यांना पहिल्याच आठवड्यात याचा प्रत्यय येतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वर्धेकराचा या मुलखाशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. हिंगणघाटच्या बाजारात येणारा आजचा बहुतेक कापूस ज्या प्रजातीचा आहे, ती मूळची मेक्सिकोकडची. आपली मिरची आणि मका तिकडूनच आले. हरितक्रांतीतला ‘लर्मा रोहो’ गहू मेक्सिकोत तयार झाला आणि 1966 मध्ये भारताने तिथून 18 हजार टन बियाणे आणले. ज्या ‘सिमिट’ संस्थेकडे जगभरच्या गहू-मक्याच्या संशोधकांचे लक्ष असते, तिचे मुख्यालय चापिंगोपासून जवळच आहे. भारत सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिनाकडून घेतो. तिथल्या पावसाची आणि निर्यात कराची झळ आपल्या सोयाबीनच्या भावाला लागते. तिथली कृषिवृत्ते आणि सरकारी अहवाल मुळातून वाचू शकणारा कृषी पदवीधर किंवा व्यापारी इतरांपेक्षा दोन पावले पुढे राहील.

उद्योगांचेही तेच. टीसीएसने 2002 मध्ये उरुग्वेच्या मोन्तेविदेओत केंद्र सुरू केले. पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धावतात. वडोदऱ्यात टाटा आणि एअरबस मिळून सी-295 विमाने बांधण्याचा जो कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, त्या विमानाचे मूळ घर स्पेनमधले सेव्हिल. लिथियमच्या शोधासाठी भारताच्या सरकारी कंपनीने जानेवारी 2024 मध्ये अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांताच्या सरकारी कंपनीशी करार केला. या सगळ्यांना अभियंते, हिशेबनीस, वकील लागतात आणि त्यांतल्या स्पॅनिश जाणणाऱ्याची किंमत वेगळी असते.

मराठी माणसाला सोपी, पण कितपत?

उच्चाराच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. पाच स्वच्छ स्वर आणि दातांना जीभ टेकवून उच्चारायचे त-द आपल्या तोंडात आहेतच. लिहिले तसे वाचायचे, ही शिस्त स्पॅनिशमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी पक्की आहे. व्याकरणही ओळखीचे वाटते. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात कॉफी कर्ता होते आणि ‘मला’ बाजूला बसते. स्पॅनिशमध्ये अगदी तशीच रचना आहे. इंग्रजीच्या आधारे शिकणारे इथे अडखळतात, आपण नाही. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. क्रियापदावरूनच कर्ता कळत असल्याने ‘मी’, ‘तू’ गाळता येतात. ‘गेलो’ आणि ‘जात होतो’ यांतला भेदही भूतकाळाच्या दोन रूपांत भेटतो. मात्र ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आणि इच्छा-शंका दाखवणारी क्रियारूपे घाम काढतात.

‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशा जाहिरातींपासून दूर राहा. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणात इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश येण्यासाठी 600 ते 750 तासिका धरतात. रोज तास-दीड तास दिला, तर आपल्यालाही दीड-दोन वर्षांची तयारी ठेवावी लागेल. युरोपीय मोजपट्टीवर ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या पर्यटनापुरत्या. नोकरीत उपयोग हवा असेल, तर बी-2 गाठावीच. ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेचे प्रमाणपत्र कायम वैध राहते. ते देणाऱ्या इन्स्टितुतो सेर्वान्तेसची शाखा 2009 पासून दिल्लीत आहे.

शिकायला वर्धा सोडायची गरज नाही. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचाही समावेश आहे. भाषाशिक्षण या गावाला नवे नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून इथे आहे आणि पवनारच्या विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी आत्मसात केली होती. वर्ग संपल्यावर कानांवर भाषा पडत राहावी, यासाठी इंटरनेटवरची स्पॅनिश बातमीपत्रे आणि गाणी फुकट उपलब्ध आहेत.

आणखी एक लाभ पगाराच्या पावतीवर दिसत नाही. गार्सिया मार्केस, नेरुदा, ऑक्तावियो पाझ हे मराठी वाचकाला बहुतेक इंग्रजीच्या वळणाने भेटले. त्यांतले पाझ तर 1962 ते 1968 भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. स्पॅनिशमधून थेट मराठीत आणणाऱ्या अनुवादकांची आपल्याला नितांत गरज आहे.

म्हणून कृषी, वैद्यक, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शिकणाऱ्या वर्ध्यातल्या मुलामुलींना एवढेच सांगणे: आपला मुख्य अभ्यास सोडू नका, पण त्याच्या जोडीला येत्या सत्रात स्पॅनिशच्या वर्गाची चौकशी करून नाव नोंदवा.