विश्लेषण : राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड किती लांब हवा? अपडेट करूनही धोका का टळत नाही?

घरी पाहुणे आले की वायफायचा पासवर्ड विचारला जातो आणि तो सांगितलाही जातो. मात्र त्याच राउटरला आणखी एक पासवर्ड असतो. तो बहुतेकांनी एकदाही टाइप केलेला नसतो. हा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्या हाती लागतो, त्याच्या हाती घराचे, दुकानाचे किंवा सोसायटीचे सगळे इंटरनेट जाते. तो किती लांब असावा, राउटर त्यातील किती अक्षरे खरोखर तपासतो आणि कंपनीने त्रुटी दुरुस्त केल्यावरही राउटर हल्लेखोरांच्या ताब्यात कसे राहतात, याचा आढावा.

दोन पासवर्डमध्ये फरक काय?

वायफायचा पासवर्ड फक्त इंटरनेट वापरण्यासाठी असतो. डब्ल्यूपीए-२ या प्रचलित पद्धतीत तो ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. अ‍ॅडमिन पासवर्ड राउटरच्या सेटिंग्ज बदलण्यासाठी असतो. त्याची लांबी किती असावी याचा असा एकच नियम नाही, ती प्रत्येक कंपनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवते.

राउटर हा खरे तर छोटा संगणकच. त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. सिस्को कंपनीची आयओएस, मुक्त स्रोत असलेली ओपनडब्ल्यूआरटी आणि लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीची राउटरओएस ही त्यातली ठळक नावे. मायक्रोटिकचे राउटर तुलनेने स्वस्त आणि भरपूर सोयींचे असल्याने भारतातील अनेक लहान ब्रॉडबँड व्यावसायिक ते वापरतात. त्यामुळे या सिस्टीममधील त्रुटीचा संबंध थेट गल्लीतल्या केबलवाल्याच्या कनेक्शनशीही येऊ शकतो.

२०१८ मध्ये काय घडले?

मायक्रोटिकचा राउटर दुरून हाताळण्यासाठी ‘विनबॉक्स’ नावाचे साधन असते. एप्रिल २०१८ मध्ये त्यात गंभीर त्रुटी आढळली. पासवर्ड न टाकताच राउटरमधील कोणतीही फाइल बाहेरून वाचता येत होती. हल्लेखोरांनी नेमकी युजरनेम आणि पासवर्डची फाइल वाचली.

त्या वेळी या फाइलमधील पासवर्ड पुन्हा मूळ रूपात आणता येईल अशा पद्धतीने साठवलेले होते. म्हणजे पासवर्ड ५ अक्षरांचा असो वा २५, फाइल हाती लागली की तो जसाच्या तसा वाचता येत होता. इथे लांबीचा काहीच उपयोग झाला नाही.

कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण ती अनेकांनी बसवलीच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दीड लाखाहून अधिक राउटर हल्लेखोरांच्या ताब्यात गेल्याचे समोर आले. सुरुवातीला त्यातील बहुतांश ब्राझीलमधील होते. या राउटरमधून जाणाऱ्या वेबपानांत कॉइनहाइव्हचा कोड घुसवला जात होता. त्यामुळे वापरकर्त्याच्या संगणकावर त्याच्या नकळत मोनेरो हे आभासी चलन तयार करण्याचे काम चालत असे.

अपडेट करूनही धोका का राहिला?

या प्रकरणाचा दुसरा अंक ३ वर्षांनी रंगला. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातील यांडेक्स कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा झाला. हल्ला करणाऱ्या यंत्रांच्या जाळ्याला ‘मेरिस’ असे नाव देण्यात आले. लॅटव्हियन भाषेत त्याचा अर्थ प्लेग. या जाळ्यात मोठ्या संख्येने मायक्रोटिकचे राउटर होते.

हे राउटर २०१८ मध्येच ताब्यात गेलेले असल्याचे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले. तुमचा पासवर्ड तेव्हा कोणाला मिळाला असेल तर केवळ अपडेट करून भागणार नाही, पासवर्डही बदलावा लागेल, असा कंपनीच्या खुलाशाचा आशय होता. अपडेटने तुटलेली खिडकी दुरुस्त होते. चोराने आधीच बनवून घेतलेली दाराची किल्ली त्याने निकामी होत नाही.

लांबीने नेमका किती फरक पडतो?

आज बहुतेक सिस्टीम पासवर्डऐवजी त्याचा ‘हॅश’ साठवतात. खोबऱ्याच्या चटणीतून पुन्हा अख्खा नारळ मिळत नाही, तसा हॅशवरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही. हल्लेखोराला एकेक शक्यता तपासत बसावे लागते. त्यामुळे इथे लांबी कामाला येते.

फक्त २६ छोटी इंग्रजी अक्षरे वापरून तयार केलेल्या ८ अक्षरी पासवर्डच्या सुमारे २०,८८० कोटी शक्यता असतात. राउटरच्या लॉग इन पानावर सेकंदाला १० प्रयत्न केले तर त्या सगळ्या संपायला ६६० वर्षे लागतील. पण हॅशची फाइल चोरीला गेली आणि हल्लेखोराच्या संगणकाने सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासल्या, तर हेच काम साडेतीन मिनिटांत उरकते. हॅशची पद्धत जुनी आणि हलकी असेल तर आजच्या ग्राफिक्स कार्डला हा वेग अवघड नाही.

आता दुसरी तुलना पाहा. कीबोर्डवरील सर्व ९५ चिन्हे वापरून केलेला ८ अक्षरी पासवर्ड आणि केवळ छोट्या अक्षरांचा १५ अक्षरी पासवर्ड, यातील दुसऱ्याच्या शक्यता सुमारे अडीच लाख पट अधिक आहेत. मात्र अक्षरे मनमानी हवीत. मुलाचे नाव आणि जन्मसाल जोडून १५ अक्षरे भरली तर हे गणित लागू होत नाही.

लांबीला मर्यादा कशासाठी?

काही घरगुती राउटर १५ किंवा १६ अक्षरांपुढे जाऊ देत नाहीत. सॉफ्टवेअर लिहिताना पासवर्डसाठी ठरावीक जागा राखलेली असते, हे त्याचे एक कारण. हजारो अक्षरांचा पासवर्ड पाठवून राउटरच्या छोट्या प्रोसेसरला कोणी गुंतवून ठेवू नये, हे दुसरे. त्यामुळे मर्यादा असण्यात गैर काही नाही. ती लपवली जाते तेव्हा खरा प्रश्न येतो.

युनिक्सच्या जुन्या ‘क्रिप्ट’ पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच तपासली जात. वापरकर्त्याने २० अक्षरे टाकली तरी उरलेल्या १२ अक्षरांना काडीची किंमत नव्हती आणि त्याला तसे कोणी सांगतही नव्हते. आजही भक्कम मानली जाणारी ‘बीक्रिप्ट’ पद्धत ७२ बाइटपर्यंतच वाचते. इंग्रजीत त्याचा अर्थ ७२ अक्षरे, म्हणजे पुरेसे झाले. पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘क्षि’ हे एक अक्षर तिथे १२ बाइटचे होते. म्हणजे मराठीत टाइप केलेल्या पासवर्डची मर्यादा २४ चिन्हांवर येते. शिवाय अनेक राउटर देवनागरी स्वीकारतच नाहीत. म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणे अधिक सोयीचे.

‘अ‍ॅडमिन’ या नावात काय धोका?

लॉग इनसाठी युजरनेम आणि पासवर्ड असे दोन भाग लागतात. युजरनेम सगळ्यांना ठाऊक असेल तर निम्मे काम आधीच झालेले असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्या आलटूनपालटून वापरून असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

राउटरओएसमध्ये मूळ खात्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्ड रिकामा, अशीच पद्धत अनेक वर्षे होती. नवा पासवर्ड ठेवण्याचा आग्रह २०२१ मधील ६.४९ आवृत्तीपासून सुरू झाला. आता नव्या राउटरच्या लेबलवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो. तरीही २०२३ मध्ये वल्नचेक या सुरक्षा संस्थेने तपासलेल्या नमुन्यात जवळपास ६० टक्के मायक्रोटिक राउटरवर ‘अ‍ॅडमिन’ हेच खाते सुरू होते. त्या वेळी चर्चेत आलेल्या त्रुटीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळालेल्या व्यक्तीला राउटरवर त्याहूनही वरचे, मालकालाही न दिसणारे अधिकार मिळवता येत होते.

नियम काय सांगतात?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्ये पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावा आणि सिस्टीमने किमान ६४ अक्षरे स्वीकारावीत, असे म्हटले. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत, केवळ पासवर्डवर विसंबून असलेल्या लॉग इनसाठी ही किमान मर्यादा १५ वर नेण्यात आली. पासवर्ड पूर्ण तपासावा, मध्येच कापू नये, असेही त्यात बजावले आहे. राउटरच्या लॉग इनला बहुधा ओटीपी नसतो, त्यामुळे १५ चा आकडा इथे लागू पडतो.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यावर कायद्याने बंदी आहे. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये इंटरनेटशी जोडलेल्या घरगुती उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वांना सारखा डिफॉल्ट पासवर्ड नको, ही त्यातली पहिलीच सूचना आहे.

तुम्ही काय कराल?

* राउटरच्या मागच्या लेबलवर सेटिंग्जचा पत्ता असतो. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून लॉग इन करा. लेबल सापडत नसेल तर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वापरून पाहा.

* वायफायपेक्षा वेगळा, किमान १५ अक्षरांचा अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले ४-५ मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर लक्षात राहायला सोपे जाते. मर्यादा कमी असेल तर ती पूर्ण वापरा आणि मनमानी अक्षरे निवडा.

* बदल केल्यावर आधीचे पान बंद करू नका. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पूर्ण पासवर्ड टाकून लॉग इन होते का ते पाहा. मग लॉग आउट करून शेवटची ३-४ अक्षरे गाळून प्रयत्न करा. तरीही दार उघडले, तर राउटर तुमचा पासवर्ड मध्येच कापतो आहे.

* सोय असेल तर वेगळ्या नावाचे, पूर्ण अधिकार असलेले खाते तयार करा. त्यातून लॉग इन होत असल्याची खात्री झाल्यावरच ‘अ‍ॅडमिन’ खाते बंद करा. राउटरओएसमध्ये हे करता येते. अनेक घरगुती राउटरमध्ये ही सोय नसते, तिथे सगळी मदार पासवर्डवर असते.

* ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवा. बाहेरून लॉग इनचे पानच दिसले नाही, तर पासवर्डचे अंदाज बांधायला वाव राहत नाही.

* अपडेट बसवल्यावर पासवर्डही बदला. अनोळखी खाती आणि न ठेवलेल्या सेटिंग्ज आहेत का, तेही पाहा.

पासवर्ड विसरला तर राउटर रीसेट करावा लागतो आणि त्यात ब्रॉडबँडची मूळ सेटिंग्जही पुसली जाऊ शकतात. त्यामुळे कनेक्शनचे युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडून आधीच लिहून घ्या. राउटर कंपनीने बसवला असेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकोणाकडे आहे आणि तो शेवटचा कधी बदलला, हेही त्याच फोनवर विचारा.