तबकडीवरचा चिकटा

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूर हें गांव आहे. एके काळीं विशाळगड जहागिरीचें तें ठाणें होतें. पावसाळ्यांत या बाजूची हवा इतकी ओली असते कीं ट्रंकेंतील कपड्यांस कुबट वास येतो आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. अशा गांवीं एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी पडून असेल, तर तिची अवस्था काय होत असेल याची कल्पना सहज करतां येते. कागदी पाकिटें तबकड्यांस चिकटतात. कोणीं हौसेनें डकवलेल्या नांवाच्या व क्रमांकाच्या चिठ्ठ्या अर्धवट निघतात. आणि मागें उरतो तो धूळ धरून काळा पडलेला चिकटा. तो काढण्याच्या घाईंत चिकट्याबरोबर गाणेंहि पुसून जावें, असा प्रकार पुष्कळ घरीं घडतो.

हें नुकसान भरून येणारें नसतें. फ्रेड गायस्बर्ग यानें १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान व इतर कलावंतांचें गाणें मुद्रित केलें. तेव्हांपासून हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रिकांची रीघ लागली. पण त्यांतील कित्येकांचे मूळ सांचे आज उरलेले नाहींत. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ १९४६ सालीं निवर्तले. त्यांची एकहि मुद्रिका मागें राहिली नाहीं. त्यांच्या गायकीची ओळख आज होते ती केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांच्या मुद्रिकांतून. याच केसरबाईंची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत धाडण्यांत आली. माळ्यावरच्या पेटींत असाच एखादा आवाज असूं शकतो.

चिकटा काढण्यापूर्वीं तबकडी कशाची केलेली आहे हें ओळखलें पाहिजे. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी बहुधा लाखेची असते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे राळ स्रवतात. ती शुद्ध करून चपडा तयार होतो. चपडा, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांचें मिश्रण तापवून सांच्यांत दाबलें कीं तबकडी होते. ती जड व ठिसूळ असते, वांकविली तर मोडते. १९४८ सालीं अमेरिकेंत जी दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली ती विनाइलची. ती हलकी असते व किंचित् लवते.

हा भेद महत्त्वाचा कां, तें सुताराचें काम पाहिलें म्हणजे कळतें. लाकडास पॉलिश करावयाचें तेव्हां सुतार चपडा स्पिरिटमध्यें विरघळवितो. म्हणजे जें स्पिरिट चपड्यास पातळ करतें, तेंच लाखेच्या तबकडीवर ओतलें तर तिचा पृष्ठभाग विरघळावयास लागतो. तबकडीवरची चर एकदोन केसांच्या रुंदीची, आणि गाणें असतें तें तिच्या भिंतींच्या बारीक नागमोडींत. ती नागमोड क्षणभर मऊ झाली तरी सूर गेले. म्हणून स्पिरिट, अत्तर, नखांचा रंग काढण्याचा द्रव यांपैकीं कांहींहि लाखेच्या तबकडीस लावूं नये. चपडा क्षारांतहि विरघळतो. तेव्हां धुण्याचा सोडा, पापडखार आणि कपड्यांचा तीव्र साबण हेहि वर्ज्य. चिंच व राख भांड्यांस ठीक. तबकडीस राखेचा कण म्हणजे कानसच.

मग चिकट्याची जात पाहावी. चिकटा पुष्कळदां गाणें संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टींत किंवा कांठाशीं असतो. त्याच्या एका कोपऱ्यास ओल्या कापसाचा बोळा दोन मिनिटें लावावा. मऊ होऊन सुटूं लागला तर ती कणकेची खळ किंवा डिंक; त्यास निव्वळ पाणी पुरतें. ओलसर सुती कापड कांहीं मिनिटें त्यावर ठेवावें आणि हलक्या हातानें टिपून घ्यावें. नखानें किंवा पात्यानें खरवडूं नये.

पाण्यास दाद न देणारा चिकटा बहुधा चिकटपट्टीचा, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचा असतो. तो पाण्यांत नव्हे, तेलांत मऊ होतो. आणि तेलानें चपडा विरघळत नाहीं. कापसाच्या काडीवर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन केवळ डागावर लावावा, पांच मिनिटें थांबावें व चरीच्या दिशेनें पुसावें. एकदां न निघाल्यास पुन्हां करावें. जोर वाढवूं नये. जवसाचें तेल मात्र वापरूं नये, कारण तें वाळून त्याचाच कडक थर बसतो. तेल मागें राहिलें तर धूळ धरतें, म्हणून शेवटीं धुणें अवश्य आहे.

धुण्यासाठीं साधें गार पाणी, शक्य तर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें. त्यांत भांडीं घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोनतीन थेंब पुरेत. गरम पाणी नको, कारण उष्णतेनें लाख मऊ होते. मधल्या कागदी लेबलावर झांकण दाबून धरावें. तेथील शाई ओघळली तर गायकाचें नांवहि जातें. तबकडी पाण्यांत बुडवून ठेवूं नये. मऊ कापडानें चरीच्या दिशेनें धुऊन, स्वच्छ पाण्यानें विसळून, लगेच टिपावी आणि सावलींत वाऱ्यावर उभी करावी. उन्हांत ठेवलेली तबकडी वांकडी होते. तडा गेलेली तबकडी मुळींच ओली करूं नये. नभोवाणीच्या केंद्रांवर १९३० नंतर वापरांत आलेल्या, धातूच्या पत्र्यावर लाकर चढविलेल्या तबकड्यांस घरीं हातच लावूं नये. तें काम संग्रहालयांतील जाणकाराचें.

विनाइलच्या तबकडीसहि तेल आणि सौम्य साबण हीच रीत चालते. नखांचा रंग काढण्याचा द्रव मात्र तिलाहि घातक.

१९८२ नंतर आलेल्या चकचकीत तबकड्या, मग त्या गाण्याच्या असोत वा मुलांच्या खेळांच्या, पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्यांस पुसण्याची दिशा उलटी: मध्यापासून कांठाकडे सरळ. वाचणारा प्रकाशकिरण गोलाकार फिरतो. त्याच्या वाटेस आडवा जाणारा लहान ओरखडा यंत्र भरून काढूं शकतें, वाटेबरोबर जाणारा लांब ओरखडा नाहीं. सामान्य कॉम्पॅक्ट डिस्कची मुद्रा छापील बाजूच्या अगदीं लगत, पातळ लाकराच्या खालीं असते. त्या बाजूची चिठ्ठी ओढली तर अॅल्युमिनियमचा थर तिच्याबरोबर सुटून येतो. तेव्हां दुकानदाराची ती चिठ्ठी तशीच राहूं देणें शहाणपणाचें. नव्या ब्लू-रे खेळांत मुद्रा वाचण्याच्या बाजूपासून केवळ ०.१ मिलिमीटर आंत असते. तेथें घासणें शक्य तितकें टाळावें.

स्वच्छ केलेली तबकडी जुन्या पाकिटांत परत घालूं नये. नवें कोरें पाकीट द्यावें, जुनें वेगळें जपावें. तबकड्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या, आणि पावसाळ्यापूर्वीं पेटी माळ्यावरून उतरवून कोरड्या खोलींत आणावी. एखादा डाग निघत नसेल तर तो राहूं द्यावा. डागाच्या जागीं सुई फार तर क्षणभर खरखरेल. पण विरघळलेल्या चरींतून तो आवाज पुन्हां कोणासहि ऐकतां येणार नाहीं.