विधिमंडळातील प्रश्न आणि बियाण्याचा परवाना

निकृष्ट बियाण्याविषयीची तक्रार तालुक्यात पडून राहिल्यास आमदारांना तीवर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. उत्तर संबंधित खात्याचे मंत्री देतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर मिळते.

या उत्तरासाठी लागणारी माहिती जिल्ह्यातून मागविली जाते. म्हणून गावातील कागदपत्र पक्के असणे अगत्याचे आहे. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याजवळ परवाना असला पाहिजे, दुकानात साठा व भाव यांचा फलक असला पाहिजे आणि खरेदीची पावती दिली गेली पाहिजे. शेतकऱ्याने पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल व मूठभर बियाणे जपून ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लेखी तक्रार देण्यास साहाय्य करावे व तारखेसह पोच घेववावी.

प्रश्न विचारल्याने परवाना आपोआप रद्द होत नाही. तो अधिकार परवाना अधिकाऱ्याचा असतो व विक्रेत्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागते. तथापि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाची नोंद राहते आणि ते पाळले गेले की नाही, हे आश्वासन समिती पाहते.