उतारवयातील सर्दी लांबते का?

साध्या सर्दीची गणना मोठ्या आजारांत होत नाही, तरीही साठी ओलांडल्यावर तिचे स्वरूप बदलते आणि हा बदल समजून न घेतल्यामुळे घरातील ज्येष्ठांबद्दल कधी अकारण धास्ती घेतली जाते, तर कधी त्यांच्याकडे नको तेवढे दुर्लक्ष होते. लहान मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होते, प्रौढांना दोन ते चार वेळा, आणि उतारवयात हे प्रमाण आणखी घटते. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांतील ऱ्हायनोविषाणू या नाकाच्या अस्तरात वाढणाऱ्या एकाच गटाचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. परंतु आयुष्यभरात त्यांतील अनेकांशी शरीराची गाठ पडलेली असते आणि त्या गाठीची आठवण प्रतिपिंडांच्या, म्हणजे विशिष्ट विषाणूला ओळखून निकामी करणाऱ्या प्रथिनांच्या, रूपाने टिकून राहते. म्हणूनच वृद्धांना सर्दी कमी वेळा होते, पण एकदा झाली की ती लवकर हटत नाही. इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात स्वतःच्या घरी राहणाऱ्या ६० ते ९० वर्षांच्या व्यक्तींवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऱ्हायनोविषाणूची बाधा साधारण सोळा दिवस टिकल्याचे दिसले, आणि जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांमध्ये ती नाक-घशापुरती न राहता खाली छातीपर्यंत पोहोचली होती. तरुणांची सर्दी सहसा आठ-दहा दिवसांत आटोपते.

या फरकाचे मूळ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. छातीच्या हाडामागे असलेली यौवनलोपी ग्रंथी नव्या टी-पेशी, म्हणजे अनोळखी जंतूंशी लढण्यास शिकलेल्या पांढऱ्या पेशी, तयार करते. ती तारुण्यापासूनच आक्रसू लागते आणि साठीनंतर नव्या पेशींचा पुरवठा अगदी अल्प होतो. श्वासमार्गाच्या अस्तरावरील सूक्ष्म केसांसारखे तंतू, ज्यांना पक्ष्माभिका म्हणतात, कफ सतत वर लोटत असतात. वयानुसार त्यांची गती मंदावते, खोकल्याची उबळही क्षीण होते, आणि बाहेर पडायला हवा तो कफ छातीत साचून राहतो. ताप हा संरक्षणाचाच भाग असला, तरी वृद्धांत तो पुरेसा चढत नाही, त्यामुळे कणकण एवढीच जाणवत असतानाही आत न्यूमोनिया बळावलेला असू शकतो.

पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीच्या संदर्भात या विवेचनाला आणखी एक पदर आहे. या शहराच्या उद्योगांचा पाया पन्नास आणि साठच्या दशकांत घातला गेला आणि त्यानंतर गावोगावहून पाळ्यांच्या कामासाठी येथे आलेले कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तर त्यांची मुले आणि नातवंडे चाकणच्या कारखान्यांत काम करतात. ओतकामाच्या कारखान्यांतील वाळूची धूळ, जोडकामाचा धूर आणि त्याच्या जोडीला बिडी-सिगारेट यांनी ज्यांच्या फुफ्फुसांवर वर्षानुवर्षे आघात केले, त्यांच्या पक्ष्माभिका वयाच्या आधीच थकलेल्या असतात. अशा माणसाची सर्दी लांबली तर तिचे खापर केवळ वयावर फोडणे अन्यायाचे होईल. उपरोक्त अभ्यासातही धूम्रपान करणाऱ्यांना आणि जुनाट आजार असलेल्यांना छातीच्या गुंतागुंतीचा धोका अधिक असल्याचे आढळले होते.

उपचारांचा विचार करताना पिंपरीचा इतिहास आपोआप पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. प्रतिजैविकांनी त्या पिढीतील असंख्य माणसांचे प्राण वाचवले, त्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास अनाठायी नाही. परंतु प्रतिजैविके जीवाणूंना मारतात, विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही, आणि सर्दी ही विषाणूंची असते. औषधाच्या दुकानातून मागून घेतलेला पाच दिवसांचा कोर्स सर्दी एका दिवसानेही कमी करत नाही. उलट पोट बिघडवतो आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या औषधाला न जुमानणारे जीवाणू मागे ठेवतो.

दुकानातून सर्रास घेतल्या जाणाऱ्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांबाबत तर वृद्धांनी अधिकच सावध असावे. त्यांतील क्लोरफेनिरामीन हे घटकद्रव्य नाक सुकवते, पण त्याने झापड येते, तोल जातो, काहींना भ्रम होतो, आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते; तर फिनाइलेफ्रिनमुळे रक्तदाब वाढू शकतो, आणि तोंडावाटे घेतल्यास ते चोंदलेले नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने काढला. त्यापेक्षा पुरेशी विश्रांती, कोमट पाणी, गरम पेज किंवा सूप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि मधुमेह नसल्यास चमचाभर मध यांनी आराम पडतो. वाफारा घेताना कापणाऱ्या हातांतून उकळते पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो, हे मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावे. तहान कमी लागत असल्यामुळे ज्येष्ठांना पाणी आठवणीने द्यावे लागते, मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण पाळावे.

मग थांबायचे किती आणि काळजी कधी करायची? श्वास जलद होणे, धाप लागणे, छातीत दुखणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप येणे, आणि अचानक असंबद्ध बोलणे किंवा जेवण सोडणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. कोविडच्या काळात अनेक घरांत आलेले, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र येथे उपयोगी पडते. एरवी पातळी चांगली असणाऱ्या माणसात ती ९४ च्या खाली गेली तर वाट पाहू नये. केवळ खोकला मागे राहिला असेल तर तो अडीच-तीन आठवडे टिकणे सर्दीनंतर असामान्य नाही, पण दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम या पट्ट्यात विशेष लागू पडतो, कारण वाळूच्या धुळीने ग्रासलेल्या फुफ्फुसात क्षयाचा धोका वाढलेला असतो. ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत होते, आणि तेथे जाताना कोणत्या कारखान्यात, कोणत्या विभागात किती वर्षे काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.