पोलादपूरला आगगाडी आली!

महाडच्या मुलांना आगगाडी पकडायची तर वीर स्टेशन गाठावं लागतं. कोकण रेल्वे १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत आली आणि नंतर करंजाडी, विन्हेरे करत नातूवाडीच्या बोगद्यातून खेडकडे गेली. पोलादपूरला स्टेशन मिळालंच नाही. मग आपणच बांधूया की, पडवीत! खोक्याचं स्टेशन, पुठ्ठ्याचा कशेडी घाट आणि रुळांवर खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेल गाडी. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते पाहिलं असेल, तर अशा गाडीची गंमत तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या गाडीत बसायचं. कसं? इंजिनापुढे एक सपाट डबा जोडा आणि त्यावर काड्यापेटीच्या आकाराचा स्वस्त वायफाय कॅमेरा चिकटपट्टीने बसवा. त्याला बॅटरी वेगळी द्या. रुळांतून येणारी वीज चाकांवरच्या धुळीने सारखी तुटते, आणि वीज तुटली की चित्रही जातं. बॅटरी जोडताना मात्र घरातलं मोठं माणूस जवळ हवंच.

मोबाइलवर चित्र आलं की बघा! पुठ्ठ्याचा डोंगर खराखुरा अंगावर येतो. याचं कारण फार सुंदर आहे. कॅमेऱ्याला सेंटिमीटर कळत नाहीत, कळतात फक्त कोन. डोंगर ८७ पट लहान आणि त्याचं अंतरही ८७ पट कमी, तर कोन तोच राहतो. ड्रायव्हरचे डोळे रुळांपासून साधारण तीन मीटर उंच असतात, म्हणून १:८७ च्या गाडीत भिंग साडेतीन सेंटिमीटरवर ठेवा. ताशी १०० किलोमीटरचा वेग हवा? सेकंदाला ३२ सेंटिमीटर पुरे.

बोगदाही पुठ्ठ्याचाच करा, पत्र्याचा नको. वायफायच्या लहरी बहुधा १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात. पुठ्ठ्यातून त्या सहज जातात, पण धातू त्यांना अडवतो आणि पत्र्याच्या बोगद्याच्या अरुंद तोंडातूनही त्या नीट बाहेर पडत नाहीत. मग चित्र आतच अडकतं. नातूवाडीचा बोगदा आहे चार किलोमीटरहून लांब. तो मापात करायचा तर पन्नास मीटर पुठ्ठा लागेल! तेव्हा दोन हातांवर भागवा.

पावसाळ्यातला घाट दाखवायचा म्हणून धबधब्याला खरं पाणी सोडलंत, तर मात्र फसाल. डोंगर लहान झाला तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. ८७ मीटरवरून पाणी पडायला सव्वाचार सेकंद लागतात, तर तुमच्या एक मीटरच्या कड्यावरून ते अर्ध्या सेकंदातच खाली येतं. चित्रीकरण नऊपट सावकाश दाखवलं की पाणी खरं वाटेल. पण मग गाडीही नऊपट सावकाश दिसेल, म्हणून ती सेकंदाला तीन मीटर पळवावी लागेल, आणि पहिल्याच वळणावर ती रूळ सोडेल. त्यापेक्षा धबधबा कापसाचा करा.