‘दादा, तो वॉल काढून टाका’

बारामती-इंदापूर पट्ट्यात जुन्या मारुती 800चं इंजिन मिळवून कुणी शेतात फिरवायला जीप किंवा बग्गी बांधली, की पहिल्या मोठ्या फेरीतच तिचा टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. मग गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: “दादा, तो थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.” भिगवण रोडवर हेच ऐकायला मिळतं, इंदापूरला हायवेच्या कडेलाही हेच. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी तर दर गळीत हंगामात हे वाक्य असतं. सांगणारे मिस्त्री हातचे कसबी असतात आणि भल्यासाठीच सांगतात. तरीही सल्ला चुकीचा आहे. त्यापायी चांगली इंजिनं खराब होतात, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

थर्मोस्टॅटमध्ये एक छोटी धातूची डबी असते आणि तिच्यात मेण. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणारा मार्ग उघडतो. बहुतेक थर्मोस्टॅटवर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला तो उघडू लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. तेवढंच त्याचं काम. इंजिन किती थंड राहू शकतं याची खालची मर्यादा तो सांभाळतो. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि हवेची वाट यांच्या हाती असते. 100 अंशांच्या पुढे चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. मग तो काढून 110 अंशांचं इंजिन थंड कसं होणार?

उलट नुकसान मात्र निश्चित. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, आणि हलक्या कामावर पुरेसं गरम होतच नाही. जळणातून तयार झालेली वाफ थंड सिलिंडरच्या भिंतीवर पाणी होऊन बसते, त्यात आम्लं मिसळतात आणि भिंत गंजून झिजते. पेट्रोल इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. हे अंदाजाने सांगत नाही. ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी 1930च्या दशकात सिलिंडरच्या झिजेवर सविस्तर प्रयोग केले. ते संशोधन 1940 साली एकत्र प्रसिद्ध झालं. सिलिंडरची भिंत थंड असताना झीज कित्येक पटींनी वाढते, हे त्यात दिसलं. आपल्याकडे गळीत हंगाम नेमका थंडीत असतो. पहाटे उसाची ट्रॉली ओढायला निघणारा ट्रॅक्टर थर्मोस्टॅटविना चालवायचा म्हणजे रोज सकाळी इंजिनाला ही झीज लावायची.

यापुढची गोष्ट तर सल्ला देणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वरचा मार्ग उघडत जातो तशी ती चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करत जाते. अशा इंजिनातला थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी जवळची वाट धरतं आणि त्यातला मोठा हिस्सा रेडिएटरला न शिवताच पुन्हा इंजिनात येतो. थंड करण्यासाठी केलेल्या उपायानेच इंजिन तापतं, आणि मालक म्हणतो, “वॉल काढूनही गरम होतंय, आता हेडच उघडावं लागणार.”

थर्मोस्टॅट ठेवा म्हणणाऱ्यांपैकीही कित्येकजण चुकीचं कारण सांगतात: “पाणी फार जोरात फिरलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही.” रेडिएटरमध्ये वेळ कमी मिळतो हे खरं, पण तेच पाणी तितक्याच वेगाने पुन्हा पुन्हा तिथे येतं. प्रवाह वाढला की रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो, कमी नाही. थर्मोस्टॅट ठेवायचा तो वर सांगितलेल्या कारणांसाठी.

मग वॉल काढल्यावर काही गाड्या सुधारतात त्या कशा? कारण तो वॉल खराब होऊन बंदच अडकलेला असतो. तो बदलायचा असतो. घरच्या घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवा की तो बुडाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे चकती हलू लागली पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेतात आल्यावर ती पुरती उघडलेली दिसली पाहिजे. नाही उघडली तर नवा आणा. काही शे रुपयांत मिळतो.

घरी बांधलेल्या गाडीत खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कोंडलेली हवा असते. कंपनीच्या गाडीत रेडिएटर, टाकी आणि नळ्यांची उंची विचार करून ठरवलेली असते. आपण इंजिन मागे बसवतो, रेडिएटर पुढे खाली टांगतो आणि मधले लांब पाइप चेसिसखालून नेतो. अशा मांडणीत रेडिएटरचं झाकण इंजिनच्या हेडपेक्षा खाली येतं. त्यातून कितीही पाणी ओता, हेडमधली हवा बाहेर पडत नाही. पंप हवा ढकलू शकत नाही, हवेच्या पोकळीजवळचा धातू भाजतो आणि काटा अचानक वर जातो. एखादेवेळी उलटही होतं: सेन्सरभोवती पाणी नसून हवा असली तर काटा कमी दाखवतो आणि इंजिन आतून जळत असतं.

उपाय साधा आहे. प्रेशर झाकण असलेली टाकी सगळ्यात उंच ठिकाणी बसवा. पाइपला जिथे जिथे उंचवटा येतो तिथे हवा सोडायचा स्क्रू द्या. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला बारीक भोक आणि त्यात सैल पिन असते. हवा तिथून निसटते, म्हणून बसवताना ती पिन वर आली पाहिजे. कित्येक ठिकाणी ती खाली करून बसवलेली असते. पिन नसेल तर कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, म्हणजे पुढच्या पाइपांत हवा अडकत नाही.

दुसरा दोष हवेच्या वाटेचा. रेडिएटरपुढे मोठी जाळी लावली म्हणजे भागत नाही. हवा सोपी वाट शोधते. रेडिएटर आणि पत्र्यामध्ये फट असली तर ती तिथूनच निघून जाते. फटी फोमने किंवा रबराने बंद करा, पंख्याला पूर्ण श्राउड (भोवतीचं आवरण) द्या आणि तापलेली हवा बाहेर पडायला मागे मोकळी जागा सोडा. उसाच्या शेतात फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो. तो मागच्या बाजूने पुढे हवा मारून काढावा. पुढून मारली तर आत आणखी घट्ट बसतो.

पाण्याचा गैरसमज आपल्या भागात विशेष महाग पडतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या जमिनी क्षारपड झाल्या, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बोअरचं तेच क्षारांचं पाणी तो रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओततो. ते तापलं की पांढरा थर धरतो, आणि तो थर उष्णता धातूच्या तुलनेत फारच कमी वाहून नेतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. बाटलीवर आयएस 5759 हे मानक आहे का ते बघा. इंजिनिअरिंगची मुलं सांगतात की फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या गाड्यांत साधंच पाणी असतं. खरं आहे, नियमच तसा आहे. पण तो कूलंट ट्रॅकवर सांडून घसरण होऊ नये म्हणून आहे, इंजिनच्या भल्यासाठी नाही.

“कूलंट पाण्यापेक्षा जास्त थंड करतो” हेही खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. कूलंट गंज थांबवतो आणि उकळबिंदू वाढवतो.

“झाकण सैल ठेवलं की दाब येत नाही, होज फुटत नाही.” बारामतीच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, 0.9 बारच्या झाकणाखाली ते जवळजवळ 120 अंशांपर्यंत टिकतं. दाब हवाच.

“गरम झाली की लगेच गार पाणी ओता.” हेडला तडा जातो. उघडलेल्या झाकणातून उसळलेल्या वाफेने तोंड भाजतं, ते वेगळं.

“घरी बांधलेली गाडी आरटीओत पास करून घेऊ.” मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल मूळ रचनेत बदल करू देत नाही. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांच्या भंगारातून बनवलेल्या जीपचं 2021मध्ये कौतुक करताना उद्योगपती आनंद महिंद्रांनीही लिहिलं होतं की नियमात बसत नसल्याने अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील. अशी गाडी शेतातच चालवा.

जुना कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतो, कुत्री आणि वासरं चाटतात, आणि थोडासाही त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करतो. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि कॅनवर ‘विष’ असं लिहा.