मे महिन्यातलं पाणी

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जुलैत झाडं लागायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काळ्या पिशव्यांतली रोपं ट्रॉलीतून यायची. गुरुजींनी आधीच पहारीने खड्डे घेऊन ठेवलेले असायचे आणि चौथीच्या पोरांना मान मिळायचा. पिशवी ब्लेडने फाडायची, मातीचा गोळा फुटू न देता रोप खड्ड्यात ठेवायचं, कडेची माती टाचेने दाबायची. वरून बाभळीच्या काट्यांचं कुंपण. प्रत्येक वर्गाला चार-चार आळी वाटून दिलेली. परिपाठाआधी हापशावर रांग लागायची. कुणाकडे तेलाचा डबा, कुणाकडे घरून आणलेला तांब्या. दिवाळीपर्यंत रोपं गुडघ्याला लागायची. मार्चमध्ये हापसा धापा टाकू लागायचा. मग निकाल, प्रगतिपुस्तक आणि सुट्टी. जूनमध्ये परत यायचो तेव्हा काट्यांच्या कुंपणात काटक्या उभ्या असायच्या. जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं.

एकच कडुलिंब जगला. तो मागच्या कोपऱ्यात, शेजारच्या म्हातारीच्या मोरीलगत होता. भांडी विसळलेलं पाणी ती कुंपणावरून त्याच्या आळ्यात ओतायची. झाड जगवण्याचा तिचा काही संकल्प नव्हता. पाणी कुठेतरी टाकायचंच होतं, एवढंच.

महाराष्ट्रातल्या शाळांनी हाताने काम करत निसर्ग शिकवण्याचे जे प्रयोग केले, त्यांच्याकडे मागे वळून पाहताना माझी मोजपट्टी त्या कडुलिंबापाशीच ठरली. योजना कुणाची, नाव काय, उद्घाटनाला कोण आलं, हे नंतर. आधी एवढंच विचारायचं: मे महिन्यात पाणी कोण घालतं?

सुरुवात वर्ध्यापासून करावी लागते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. लोकांच्या लक्षात त्यातली सूत कातायची टकळी तेवढी राहिली आणि चेष्टाही तिचीच झाली. मूळ कल्पना बरीच मोठी होती. शिक्षणाचा समवाय, म्हणजे सांधा, तीन गोष्टींशी साधायचा होता: हातातला उद्योग, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती उभी केली. तिथे सूत मोजताना गणित यायचं, आणि कापूस कुठल्या मातीत येतो इथून भूगोल सुरू व्हायचा. सफाई ही शिक्षा नव्हती, अभ्यासाचाच भाग होती. घाणीचं खत होतं, खत वाफ्यात जातं आणि वाफ्यातली भाजी ताटात येते, हा फेरा मुलांच्या डोळ्यांसमोर आणि हातांखाली पुरा व्हायचा. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. त्याची गरजही भासली नाही.

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना सरकारी शाळांत ‘मूलोद्योग’ म्हणून आली. पश्चिम महाराष्ट्रात आजही कित्येक शाळांच्या कमानीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असं लिहिलेलं दिसतं, ती त्या काळाची खूण. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पाट्या राहिल्या, टकळ्या कपाटात गेल्या. साहेब तपासणीला येणार म्हटलं की पेळू बाहेर निघायचे. शेतकऱ्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्याचं पोर घरी बैल हाकत होतं, पाणी धरत होतं. तेच शाळेत करायचं तर शाळेत घालायचं कशाला? हाताच्या कामातून डोकं कसं चालतं, हे त्याला दाखवणारा शिक्षक गावोगाव मिळाला नाही. म्हणून उद्योग उरला आणि समवाय गळाला.

सरकारी शाळांत सुटलेला हा धागा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला दोन बायकांनी आधीपासूनच हातात धरला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग होती, आणि वारली पाड्यातल्या मुलाला परकीही. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, मातीचे गोळे हीच साधनं झाली. चिंचोक्यांनी मोजायचं, पानांचे आकार लावायचे. बालवाडी मुलांच्या अंगणातच भरवली, तिला ताराबाईंनी नाव दिलं ‘अंगणवाडी’. आज देशभर तो सरकारी शब्द झाला आहे, पण त्यातलं अंगण मूळचं इथलं आहे.

मोठी मुलं मात्र यायची नाहीत. ती गुरांमागे रानात असायची. कुणीही त्यांची नावं गैरहजेरीत टाकून मोकळं झालं असतं. कोसबाडने शाळाच रानात नेली. हीच कुरणशाळा. गुरं चरतायत, एक डोळा त्यांच्यावर, आणि झाडाखाली धडा चालू. इथे शाळेने निसर्ग ‘आणला’ नाही, ती निसर्गात गेली, तेही मुलाच्या कामाच्या वेळापत्रकाने. माझ्या मोजपट्टीवर ही शाळा पुरी उतरते, कारण गुरांना मे महिन्याची सुट्टी नसते. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्या रानाची किंमत कागदावर चढण्याच्या कितीतरी आधी टेकडीवरच्या शाळेने त्याचं पाठ्यपुस्तक केलेलं होतं.

दरम्यान दिल्लीत कोठारी शिक्षण आयोग बसला. १९६६ च्या त्याच्या अहवालाने ‘कार्यानुभव’ हा विषय दिला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरच्या मातीतले. हेतू तोच, मुलाने प्रत्यक्ष उत्पादक काम करावं. शाळेत पोचेपर्यंत त्याचं काय झालं, ते माझ्या पिढीला विचारा. कागदाची फुलं, मेणबत्त्या, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि काचेच्या बांगड्यांचं तोरण. आदल्या रात्री आईने केलेलं, नाहीतर बाजारातून आणलेलं. शेरा ‘छान’. त्या तोरणाला कुणी पाणी घालायचा प्रश्नच नव्हता.

पाबळची गोष्ट याच पार्श्वभूमीवर वाचावी लागते. पाबळ पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं अवर्षणप्रवण गाव. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन मागे ठेवून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे राहायला आले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू झाला. जे. पी. आणि चित्रा नाईक यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचंच ते केंद्र. आयोगाच्या कागदावर कोमेजलेली कल्पना त्यांच्याच घरच्या रोपवाटिकेत पुन्हा रुजली म्हणायची. कलबागांचं म्हणणं साधं होतं: गाव हीच प्रयोगशाळा, आणि माणूस काम करता करता शिकतो. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला आणि माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस हाताचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. शिकवायला गावातलाच कसबी माणूस, म्हणजे वेल्डिंगवाला, गवंडी, शेतकरी.

त्यातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. भूगर्भात पाणी कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा. मुलं शेतात जातात, एका रेषेत चार लोखंडी सळ्या हातोड्याने रोवतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये विजेचा दाब मोजायचा. मग अंतर वाढवायचं, पुन्हा मोजायचं. सळ्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितक्या खोलवरच्या थराची खबर मिळते. ओला थर वीज सहज जाऊ देतो, कोरडा खडक अडवतो. आकडे वहीत, वहीतून आलेख. ओहमचा नियम, अपूर्णांक, खडकांचे प्रकार सगळं एका बांधावर भेटतं. आणि या प्रात्यक्षिकाला परीक्षक असतो शेतकरी. पाणी लागलं नाही तर तो तोंडावर सांगतो. तसा शेरा कुठल्या प्रगतिपुस्तकात येत नाही. मुलं काळजीपूर्वक का मोजतात, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला तो कोर्टामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये शाळा-कॉलेजांतून पर्यावरण शिकवण्याचे आदेश दिले, आणि अंमलबजावणी ढिली दिसल्यावर पुढच्या दशकात पुन्हा कान उपटले. निकाल योग्यच होता. पण सक्ती आली की गुण येतात, गुण आले की प्रकल्पवही येते, आणि प्रकल्पवही आली की शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागतो. ‘माझ्या परिसरातील जलप्रदूषण’ या प्रकल्पाला मुखपृष्ठावर हिमशिखराचं चित्र लावलेलं मी पाहिलं आहे. परिसर सोलापूर रस्त्यावरचा होता. खालच्या वर्गांचं ‘परिसर अभ्यास’ हे नाव मला फार आवडतं. त्यात पर्यावरणाची गंभीर हाक नाही, दारातला परिसर आहे. पण पुस्तकातला परिसर राज्यभर एकच असतो. चंद्रपूरच्या मुलाची वाघाची वाट आणि वेंगुर्ल्याच्या मुलाची भरती-ओहोटी त्यात भरायची ती शिक्षकानेच.

मग मोहिमांचा काळ आला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय हरित सेनेची मंडळं शाळाशाळांतून निघाली. १ जुलै २०१६ ला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरलं, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं लक्ष्य. शाळा त्यात हिरिरीने उतरल्या. रोपासोबत फोटो काढायचा, तो चढवायचा, आकडा कळवायचा. एका आकड्याची मात्र कुणी शाळेकडे उत्साहाने विचारणा केली नाही. मागच्या वर्षीच्या खड्ड्यांतली किती उभी आहेत? यात शिक्षकाला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या बाजूनेही पाहावं. जीव लावणाऱ्या गुरुजींची बदली होते आणि त्यांच्यामागे त्यांची बागही वाळते. दोनशिक्षकी शाळेत एकजण मिटिंगला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग असतात. पाणी केव्हा घालायचं?

खरी अडचण दिनदर्शिकेतच आहे. शाळेचं वर्ष आणि झाडाचं वर्ष एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. रोपाला माणसाची सर्वांत जास्त गरज एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच शाळेला कुलूप. ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिनसुद्धा आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो.

म्हणूनच अलीकडच्या सगळ्या उपक्रमांत मला परसबागेचं कौतुक वाटतं. शालेय पोषण आहारासाठी शाळेच्या आवारात भाजी लावण्यावर गेल्या काही वर्षांत भर आला. मेथी पेरली की महिन्याभरात काढायला येते. पालक, कोथिंबीर, दुधी, वांगी सगळं शाळेच्या सत्रात बसतं. ज्या मुलाने बी टाकलं तेच मूल खिचडीत ती भाजी खातं. हात धुतलेलं पाणी चरातून वाफ्यात किंवा केळीच्या बुंध्याशी जातं. देठं-सालं खताच्या खड्ड्यात. इथे राखण करायला भाषण लागत नाही. शेळी आत शिरली तर अख्खा वर्ग धावतो, कारण ती उद्याचं जेवण खात असते. आणि भाजीच्या चौकशीला रोज एक माणूस येतं: खिचडी शिजवणाऱ्या मावशी. सेवाग्रामचा तो जुना फेरा, वाफ्यापासून ताटापर्यंतचा, कुणी आठवण करून न देता इथे परत सुरू झाला आहे. २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. तो दिवस शाळांनी अशा कामाला दिला तर सत्कारणी लागेल, आणखी एका नोंदवहीला दिला तर तिचंही तोरण होईल.

ऐंशी-नव्वद वर्षांच्या या वाटेवर टिकलं काय, हे पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. जिथे मुलाच्या कामावर कुणाचं तरी काही अवलंबून होतं, तिथे शिक्षण रुजलं. चरणारी गुरं, विहिरीची जागा, दुपारची भाजी. जिथे ते काम फक्त दाखवायचं होतं, साहेबांना, परीक्षकांना, कॅमेऱ्याला, तिथे पुढच्या जूनमध्ये काटक्या उरल्या.

गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीशाळेवरून जाताना थांबलो. कुलूप होतं. व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने आखलेला तक्ता होता, वर लिहिलेलं ‘पाण्याची पाळी’. सुट्टीतली एकेक तारीख, पुढे दोन-दोन नावं आणि शेवटच्या रकान्यात बादल्यांचा आकडा, वेगवेगळ्या अक्षरांत. एका तारखेपुढे नावं खोडून दुसरी घातलेली, बाजूला ‘मामाकडे गेला’. अंगणात सहा रोपं होती, पाच हिरवी. ५ जूनच्या ओळीत कार्यक्रम, प्रमुख पाहुणे असं काही नव्हतं. दोन नावं होती, आणि पुढचा रकाना अजून कोरा होता. त्या दिवशी ४ तारीख होती.